भ्रूणकोष (सपुष्प वनस्पतींतील)

सपुष्प वनस्पतींच्या बीजांडात तयार होणारी आणि अंडपेशी जिच्यात असते ती सूक्ष्म रचना. पाठ्यपुस्तकात ती फुलाच्या एखाद्या भागासारखी दाखवतात, पण शास्त्रीयदृष्ट्या ती वनस्पतीची एक वेगळी पिढी आहे. नेच्यामध्ये ही पिढी ओल्या मातीवर हिरव्या चकतीसारखी स्वतंत्र वाढते. सपुष्प वनस्पतींत ती बहुधा सात पेशींपुरतीच उरली असून आईच्या ऊतीत पूर्णपणे गाडलेली असते. आंब्याच्या अंडाशयात एकच बीजांड असते, वांग्याच्या अंडाशयात शेकडो. वांग्यातली प्रत्येक बी वेगळ्या भ्रूणकोषातून आलेली असते.

सुरुवात बीजांडाच्या गाभ्यात, म्हणजे प्रदेहात होते. तेथील सारख्या दिसणाऱ्या पेशींपैकी सहसा एकच पेशी मोठी होते. तिच्यातील केंद्रक ठळक दिसू लागते. ही गुरुबीजाणू मातृपेशी. अर्धसूत्री विभाजनाने तिच्यापासून चार गुरुबीजाणू होतात आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, तर त्याच्या अंडपेशीत ८. बहुतेक जातींत चारांपैकी तीन गुरुबीजाणू नष्ट होतात. वाचतो तो बहुधा बीजांडाच्या तळाकडचा, जिकडून अन्न येते त्या बाजूचा. परागकोषात मात्र अशाच विभाजनातून झालेल्या चारही पेशींचे परागकण होतात. नराकडे विपुलता आणि मादीकडे ही काटेकोर निवड, हा फरक आकृती पाठ करताना सहसा निसटतो.

वाचलेल्या गुरुबीजाणूचे केंद्रक तीनदा विभागते: दोन, चार, आठ. या काळात मध्ये भिंती पडत नाहीत. मोठी रिक्तिका मधोमध पसरते आणि केंद्रके चार-चारच्या गटांनी दोन टोकांना सरकतात. मग प्रत्येक गटातून एक केंद्रक मध्यभागी येते. त्यानंतरच भिंती तयार होतात. बीजांडरंध्राकडे अंडपेशी व दोन सहायक पेशी, विरुद्ध टोकाला तीन प्रतिध्रुवीय पेशी आणि मध्ये दोन ध्रुवीय केंद्रके असलेली मध्यपेशी, अशी आठ केंद्रकांची सात पेशींत वाटणी होते. एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी १८७९ मध्ये पॉलिगोनम वनस्पतीत हा क्रम वर्णिला, म्हणून त्याला पॉलिगोनम प्रकार म्हणतात. प्रतिध्रुवीय पेशींचे भवितव्य सर्वत्र सारखे नसते: काही वनस्पतींत त्या लवकर विरतात, मक्यासारख्या तृणांत उलट त्यांची संख्या वाढते.

सहायक पेशी हे नाव त्यांच्या कामाच्या मानाने फारच साधे आहे. परागकणातून निघणाऱ्या परागनलिकेला वाट दाखवणारे रासायनिक संकेत त्याच सोडतात आणि नलिका त्यांच्यापैकी एकीत शिरूनच फुटते. तोरेनिया या शोभेच्या झाडाचा भ्रूणकोष बीजांडाबाहेर डोकावतो. त्यामुळे जपानच्या तेत्सुया हिगाशियामा व सहकाऱ्यांना २००१ मध्ये लेझरने एकेक पेशी मारून पाहता आले. दोन्ही सहायक पेशी मेल्यावर नलिका वळेनाशी झाली. एक जिवंत असली तरी ती वळत होती. हा संकेत म्हणजे छोटी प्रथिने असल्याचे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

नलिकेतून दोन शुक्रपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण होते, दुसरी मध्यपेशीशी मिळून भ्रूणपोष. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळात शोधले. ज्वारी-तांदळाच्या दाण्यातले पीठ आणि शहाळ्याचे पाणी हा भ्रूणपोषच.

नियमाइतकेच अपवादही मोलाचे आहेत. कांद्यात चार गुरुबीजाणू वेगळे होतच नाहीत. पहिल्या विभाजनानंतरच्या दोन पेशींपैकी एक मरते, दुसरीतील दोन्ही केंद्रके भ्रूणकोष घडवण्यात भाग घेतात. त्यामुळे पॉलिगोनम प्रकारात जुळी असणारी दोन ध्रुवीय केंद्रके कांद्यात जनुकीयदृष्ट्या वेगवेगळी असू शकतात. लिलीत चारही केंद्रके टिकतात, पण त्यांपैकी तीन तळाकडे एकत्र येतात आणि भ्रूणपोषात गुणसूत्रांचे पाच संच जमतात.

अशा प्रकारांची वर्गवारी करताना पूर्वी निरीक्षणाच्या चुकांतूनही नवे प्रकार जन्माला घातले गेले होते. दिल्ली विद्यापीठातील पंचानन माहेश्वरी (१९०४–१९६६) यांनी जुनी वर्णने पुन्हा तपासली आणि १९५० मध्ये सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथात हा पसारा नीट मांडला. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९६२ मध्ये अफूच्या बीजांडांचे फलन परीक्षानळीत साधले.

महाराष्ट्रात रानात आढळणारा आणि औषधासाठी ज्याची मुळे काढतात तो चित्रक वर आलेल्या प्रकारांहून वेगळा आहे. त्याच्या भ्रूणकोषात सहायक पेशी नसतातच. परागनलिकेच्या प्रवेशाशी निगडित असलेल्या, एरवी सहायक पेशींत दिसणाऱ्या तंतुमय घड्या चित्रकात थेट अंडपेशीच्याच भित्तिकेवर असतात.