नावाला आठच अक्षरं : सीडीवरच्या फोटोंचा इतिहास

इतिहास कागदपत्रांवरून लिहिला जातो, असं वर्गात शिकवलं जातं. हे अर्धसत्य आहे. इतिहास शिल्लक राहिलेल्या कागदपत्रांवरून लिहिला जातो, आणि काय शिल्लक राहायचं हे घराचं छप्पर, कपाटाची किल्ली आणि खिशातला पैसा ठरवतो. म्हणून सीडीवर फोटो साठवण्याचा जो वीसेक वर्षांचा काळ होऊन गेला, त्याकडे केवळ तांत्रिक गंमत म्हणून पाहता येणार नाही.

आपल्या वस्त्यांचाच विचार करा. जुने फोटो कागदावर आहेत. पिवळे पडले, कोपरे दुमडले, तरी डोळ्यांना दिसतात. अलीकडचे फोनमध्ये आहेत. मधल्या काळातले, म्हणजे डिजिटल कॅमेरा आला होता पण हातोहाती स्मार्टफोन आला नव्हता तेव्हाचे, सीडीवर आहेत. २००६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेला ५० वर्षं झाली. तो सुवर्णमहोत्सव नेमका याच काळात आला. त्या वर्षांतल्या मिरवणुका, बौद्ध पद्धतीने लागलेली लग्नं, विहारांची पायाभरणी हे सगळं स्टुडिओवाल्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून हातात दिलं. ती पाकिटं आज कुठं आहेत? आणि असलीच, तर उघडणार कशात?

सीडी मुळात गाण्यांसाठी जन्मली. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये ती बाजारात आणली. फोटोंसाठी तिचा गाजावाजा करून वापर केला तो कोडॅकने, १९९२ च्या ‘फोटो सीडी’तून. फोटो काढायचा फिल्मवरच. मग लॅबवाले निगेटिव्ह स्कॅन करून साधारण १०० फोटो एका चकतीवर बसवत. डबीत एक कागदही मिळे, त्यावर चकतीतल्या सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रतिमा क्रमांकासह छापलेल्या. हा कागद मला त्या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण तो वाचायला यंत्र लागत नव्हतं. पण फोटो मात्र कोडॅकने स्वतःच्याच खास स्वरूपात कोंडून ठेवले. जेपीईजी कुणालाही वापरता येत होतं, तेच टिकलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, तोवर फोटो सीडी कधीच इतिहासजमा झाली होती.

आपल्या हातात आली ती दुसरी वस्तू, घरच्या संगणकावर ‘बर्न’ करायची कोरी सीडी. दोन्ही दिसायला सारख्या, पण फरक मोठा आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती म्हणजे प्लॅस्टिकवर दाबून उठवलेले सूक्ष्म खड्डे. कोऱ्या सीडीत मात्र एक रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर तो ठिकठिकाणी भाजून खुणा करतो. कपड्याचा रंग उन्हात उडतो तसा हा थरही ऊन, उष्णता आणि दमटपणाने बिघडतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आपण जपतो ती खालची चकचकीत बाजू. पण सीडीत धातूचा आणि रंगाचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला लागून असतो, त्यावर फक्त पातळ लाखेचं कवच. तिथे बॉलपेन दाबून ‘आकाशचं लग्न’ लिहिलं की धोका लग्नाच्या फोटोंनाच. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, तिचं थोडं बरं आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्याची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात दीर्घकाळ साठवणुकीसाठी तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितली आहे. आता मे महिन्यातली विदर्भातली पत्र्याची खोली डोळ्यांसमोर आणा, नाहीतर जुलैतली मुंबईची झोपडपट्टी. तीच सीडी, तेच फोटो, पण एसी लावलेल्या दप्तरात वेगळं आयुष्य जगतात आणि पत्र्याखाली वेगळं. स्मृतीचंही वर्गवार वाटप होतं ते असं, कुणी ठरवून कट न करता.

तरी मी सीडीला शिव्या घालणार नाही. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रित करायला नामदेव व्हटकरांना पदरमोड करावी लागली होती. कॅमेरा आणि फिल्म ही तेव्हा आपल्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. २००० नंतर चहा-वडापावच्या पैशात सातशे एमबी मिळू लागली. यात एका भारतीय कंपनीचाही हात आहे. १९८३ मध्ये सुरू झालेली मोझर बेअर आधी फ्लॉपी बनवायची, मग कोऱ्या सीडी बनवू लागली आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली गेली. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. चकत्या उरल्या, बनवणारा गेला.

पण माझा मुख्य मुद्दा टिकण्याचा नाही, नावाचा आहे. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये ठरलं. त्याच्या मूळ पातळीवर फाइलच्या नावाला जागा आठ अक्षरांची, पुढे तीन अक्षरांची शेपटी. तीही इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरं, आकडे आणि एक अधोरेषा. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने यात वाढ केली, तेव्हा लांब नावं आणि देवनागरीसुद्धा शक्य झाली. पण १९९८ मध्ये जपानी कंपन्यांनी कॅमेऱ्यांसाठी जो नियम केला, तो पुन्हा आठवरच आला : चार अक्षरं, चार आकडे. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यातून फोटो निघाले ते ‘डीएससीएन००१४’ अशा नावाने. कुणी ते बदलले नाहीत. फोल्डरचं नाव ‘न्यू फोल्डर २’. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं नसेल तर तारीखही खोटी.

कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय? ज्या समाजाला शतकानुशतकं नावाऐवजी जातीने हाक मारली गेली, त्याने हा प्रश्न विचारू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या फोटोंत व्यासपीठावरची माणसं आपण नावानिशी ओळखतो. समोरचे लाखो लोक मात्र ‘जनसमुदाय’ आहेत. तेव्हा ते अपरिहार्य होतं. पण २००६ च्या मिरवणुकीत निळा झेंडा धरलेली बाई आपल्याच गल्लीतली आहे, तिचं नाव विचारायला दहा पावलं चालायची आहेत. ती गेली की तीही जनसमुदायच.

आणि यंत्रावर विसंबून श्रीमंत देशही फसले आहेत. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये शाळकरी मुलांसह लोकांकडून गावोगावचे फोटो आणि मजकूर गोळा करून लेझर चकत्यांवर घातले. पंधरा वर्षांत त्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि विद्यापीठांच्या संशोधकांना खटपट करून तो ठेवा सोडवावा लागला. कातड्यावर लिहिलेलं मूळ पुस्तक मात्र अजून वाचता येतं. सरकारी कोठारं सुरक्षित असतात असंही नाही : २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या.

“मग क्लाउडवर टाका” हे उत्तर तरुण मुलं देतात. टाका, जरूर टाका. पण तो भाड्याचा गाळा आहे. भाडं थकलं, पासवर्ड विसरला, खातेदार वारला, की कुलूप लागतं. सीडीला मासिक भाडं नव्हतं, आणि एकदा लिहिलेली साधी सीडी मागाहून कुणाला बदलताही येत नव्हती. म्हणून प्रत एका जागी नको. एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात, एक ऑनलाइन.

सध्या वस्त्यांतल्या सीड्या गोळा करताना आम्ही क्रम असा ठेवतो. ड्राइव्ह असलेला जुना संगणक मिळेल तिथून आधी सगळं उतरवून घ्यायचं. फोल्डरच्या नावात वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. मग महत्त्वाचे फोटो छोट्या आकारात कागदावर छापायचे, क्रमांक टाकायचे, आणि तो कागद वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांपुढे ठेवून नावं विचारत जायचं. त्या सांगतात तशी, त्यांच्याच उच्चारात, वहीत लिहायची. मूळ सीडी फेकायची नाही. तिच्यावर काही लिहायचं असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं, तिथे माहिती नसते.