पोराचं वय कोण ठरवतं?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आपल्या बचत गटाच्या बैठकीत जन्मतारीख विचारली, तर बऱ्याच जणी "एक जून" सांगतात. खरं म्हणजे कुणी श्रावणात जन्मलेली असते, कुणी ऐन सुगीत. पण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि एक जून लावून टाकायचे. आपण त्यावर हसतो. पण अशाच गोष्टीपायी काही आयांची लेकरं बापाच्या घरी कधी पोचलीच नाहीत. आज त्यांचा इतिहास सांगणार आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांना आणि फौंड्र्यांना माणसं कमी पडत होती. आपल्याकडून पंजाब आणि गुजरातमधले, पाकिस्तानातून मीरपूरचे, आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे पुरुष तिकडे गेले. गेले ते एकटेच. कोकणातला किंवा साताऱ्याचा गडी मुंबईच्या गिरणीत जायचा आणि बायको गावात शेत, सासू-सासरे, मुलं सांभाळायची, तसंच हे. महिन्याला पैसे यायचे, दोन-तीन वर्षांनी माणूस यायचा.

ब्रिटनच्या जुन्या साम्राज्यातल्या देशांच्या लोकांना तोवर तिकडे जायला फारशी आडकाठी नव्हती. १९६२ साली कायदा आला. आता कामाला जाणाऱ्याला परवाना लागणार होता. बायकोचा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांचा कुटुंबप्रमुखाकडे जायचा हक्क मात्र कायद्यानं राखला. जाऊन-येऊन राहणाऱ्या पुरुषांच्या मनात तेव्हा धास्ती बसली. आज दार उघडं आहे, उद्या असेल का? बिऱ्हाड हलवायचं तर आत्ताच.

१९६८ साली आणखी एक अट आली. नुसता बाप तिकडे असून भागणार नव्हतं. आईबाप दोघंही तिकडे असायला हवेत, किंवा मुलाचा सगळा भार एकट्या पालकावर असायला हवा. त्याआधी काही घरांत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बापाकडे जायचा आणि आई गावातच राहायची. ती सोय संपली. म्हाताऱ्या सासूला, गुरांना, वावराला सोडून निघायचं की नाही, हे त्या बाईला ठरवावं लागलं आणि मुलाचं जाणं तिच्या जाण्याला बांधलं गेलं.

पुढच्याच वर्षी नियम झाला की बायको-मुलांनी आपल्याच देशातल्या ब्रिटिश कचेरीतून आधी प्रवेशाचा दाखला घ्यायचा. १९७१ चा कायदा १९७३ पासून लागू झाल्यावर मुलांच्या वयाची रेघ अठरावर आली. आणि मूल अविवाहित हवं. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचं गावात लग्न लावून दिलं, तर बापाकडे जायचा तिचा रस्ता त्याच दिवशी बंद.

कागदावर हे सरळ दिसतं. खरी अडचण रांगेत होती. ढाक्याला, इस्लामाबादला अर्ज केलेल्या बायका मुलाखतीच्या तारखेची वाट पाहत बसायच्या, कधी कधी वर्षानुवर्षं. तारीख आली की बाळाला कडेवर घेऊन, मोठ्याचा हात धरून शहर गाठायचं. समोर साहेब, मध्ये दुभाषा. घरात खोल्या किती? विहीर कुठल्या बाजूला? दिराला मुलं किती? हेच प्रश्न मोठ्या मुलाला वेगळं बसवून विचारायचे आणि नवऱ्याला ब्रिटनमध्ये. उत्तरं जुळली नाहीत, तर हे कुटुंब खरं नाही असा संशय. आता सांगा, आपल्या घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून असे प्रश्न विचारले, तर सगळी उत्तरं जुळतील? घरधनी चार वर्षांनी येतो, त्याला म्हशी किती ते कुठून माहीत असणार?

यात सगळ्यात अवघड प्रश्न मुलाच्या वयाचा. तिथल्या खेड्यांतही जन्माची नोंद क्वचितच असायची. आपल्याकडे "बहात्तरच्या दुष्काळात झाला" असं म्हणतात, तसं त्या बायका पुराच्या, पिकाच्या खुणेवरून सांगायच्या. आईच्या लेखी ती पक्की खूण. कचेरीच्या लेखी तो पुरावाच नव्हता. काही पुरुषांनी दुसऱ्याची मुलं आपली म्हणून दाखवली होती, हेही खरं. पण त्या काहींमुळे संशय सगळ्यांवर आला.

मग वय हाडावरून ठरवायला लागले. मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हा सोळाचा की एकोणिसाचा, ते पाहायचे. पण वाढ सगळ्यांची सारखी होत नाही. एकाच घरातली दोन मुलं बघा, एक चौदाव्या वर्षी बापाच्या खांद्याला लागतो, दुसरा सतराव्या वर्षीही किरकोळच असतो. हाडावरून वय सांगताना दोनेक वर्षांचा फरक सहज पडतो आणि इथे तर एकेका वर्षावर सगळं अवलंबून होतं. शिवाय आजार नसताना मुलांवर असे किरण सोडणं बरोबर नाही, असं अनेक डॉक्टर म्हणत होते. खूप टीका झाल्यावर १९८२ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्यानं ही पद्धत थांबवली.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९८४ मध्ये, लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाला रक्तातल्या डीएनएवरून माणसाची आणि त्याच्या नात्याची ओळख पटवायची रीत सापडली. तिचा पहिला मोठा उपयोग खुनाच्या तपासात झाला नाही. तो झाला एका आईसाठी. आफ्रिकेतल्या घाना देशाहून ब्रिटनमध्ये आईकडे परतलेल्या मुलाला अधिकारी तिचा मुलगा मानायला तयार नव्हते. बाप तपासणीला हजर नव्हता. आईचं आणि तिच्या दुसऱ्या तीन मुलांचं रक्त तपासलं आणि १९८५ मध्ये मुलगा तिचाच ठरला. तो आईपाशी राहिला.

ही बातमी पसरल्यावर नकार मिळालेल्या कितीतरी कुटुंबांनी तपासणी करून घेतली. बहुतेकांची नाती खरी निघाली. ज्या आयांना कचेरीनं खोटं ठरवलं होतं, त्या खरं बोलत होत्या.

पण मैत्रिणींनो, तोवर दहा-पंधरा वर्षं गेली होती. नकार मिळाला तेव्हा बारा वर्षांचा असलेला पोरगा आता पंचविशीचा झाला होता. सरकारनं १९८९ मध्ये डीएनए तपासणी मान्य करायचं जाहीर केलं, पण त्याबरोबर हेही सांगितलं की अठरा ओलांडलेल्यांना आता मूल म्हणून येता येणार नाही. तो अजूनही आईबापावरच अवलंबून आहे आणि त्याची परिस्थिती फारच बिकट आहे असं दाखवलं, तरच विचार होईल. चूक कचेरीची, उशीर कचेरीचा आणि वय मात्र पोराचं मोजलं.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये आता अर्जाच्या दिवशी मूल अठराच्या आत असलं, तर निकाल येईपर्यंत अठरा पूर्ण झाल्यामुळे नकार देत नाहीत. अमेरिकेत रेघ एकविसाव्या वर्षाची आहे. तिथे २००२ मध्ये कायदा झाला आणि सरकारी कचेरीनं अर्ज तपासायला लावलेला काळ मुलाच्या वयातून वजा व्हायला लागला. कायमच्या परवान्याच्या रांगेत गेलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत. भारतीयांची ती रांग फार लांब आहे. म्हणून तिकडे संगणकाचं काम करणाऱ्या आपल्या मराठी घरांतही, बालपणापासून तिथेच वाढलेल्या मुलाला एकविसाव्या वाढदिवसाआधी दुसरा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो.

आपल्यापैकी किती जणींची मुलं परदेशी जाणार, असं वाटेल. जातील न जातील. पण सिल्हेटच्या बाईला तरी बाळंतपणात कुठे ठाऊक होतं, की या दिवसाची तारीख एक दिवस कुणी साहेब मागणार आहे?

आपल्याकडे १९६९ च्या कायद्यानं जन्माची नोंद सक्तीची आहे. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात ती फुकट होते. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना, पासपोर्ट काढताना, मतदार यादीत नाव घालताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. गुरुजींनी एक जून लावायचे दिवस संपले.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना घरातल्या लहान मुलांचे जन्मदाखले घेऊन या. नाव घातलंय का, आधारवर तेच आहे का, तारीख बरोबर आहे का, हे एकमेकींचं वाचून पाहा. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवावं. ज्या घरी दाखलाच नाही, त्या सुनेबरोबर दोघींनी ग्रामपंचायतीत जावं.