जुन्या हार्डवेअरची सवलत : फायद्याची की फसवी?

संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात दर काही वर्षांनी एक ठरावीक हंगाम येतो. मेमरी, प्रोसेसरचे सॉकेट किंवा ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट यांपैकी एखाद्याचे नवे मानक अवतरते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत जुन्या मानकाचा माल कमी दरात काढला जातो. जुळणी करून संगणक घेणाऱ्या ग्राहकाला ही संधी वाटते. ती खरोखर संधी आहे की नाही, हे नवे मानक जुन्याला सामावून घेते किंवा नाही, यावर अवलंबून असते.

दुकानदाराची घाई

हार्डवेअरचे भाग एकमेकांवर अवलंबून असतात. ठरावीक प्रोसेसर ठरावीक सॉकेटमध्येच बसतो आणि मदरबोर्डाला ठरावीक मेमरीच चालते. जुने मदरबोर्ड संपले, की त्यांवर चालणारे प्रोसेसर शिल्लक असूनही विकता येत नाहीत. त्यामुळे पैसा अडकून पडण्यापूर्वी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी असा संच करून माल मोकळा करण्याकडे विक्रेत्याचा कल असतो.

२००४ चे स्थित्यंतर

याचे ठळक उदाहरण २००४ मधील आहे. त्या वर्षी जून महिन्यात इंटेलने ९१५ आणि ९२५एक्स हे चिपसेट बाजारात आणले. त्यांच्यासोबत तीन बदल एकदम झाले. १९९७ पासून रुळलेल्या एजीपी स्लॉटची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली, ४७८ पिनांच्या सॉकेटऐवजी एलजीए ७७५ आले आणि डीडीआर-२ मेमरीचा प्रवेश झाला. एजीपी ८एक्सची क्षमता सेकंदाला सुमारे २.१ गिगाबाइट होती. नव्या सोळापदरी स्लॉटची प्रत्येक दिशेने ४ गिगाबाइट होती.

तथापि, त्या काळातील ग्राफिक्स कार्डांना एजीपीची क्षमताही बहुधा पुरेशी होती. त्यामुळे सवलतीत घेतलेल्या एजीपी संगणकाचा वेग लगेच कमी पडला नाही. अडचण आली ती पुढच्या सुधारणेच्या वेळी. एजीपी कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसत नव्हते आणि १८४ पिनांची डीडीआर मेमरी २४० पिनांच्या डीडीआर-२ च्या जागी चालत नव्हती. काही कंपन्यांनी दोन्ही प्रकारचे स्लॉट असलेले मदरबोर्ड काढले. २००८ मध्येही रेडिऑन एचडी ३८५० या कार्डाची एजीपी आवृत्ती निघाली. परंतु निवड आक्रसत गेली.

सामावून घेणारी मानके

सर्वच मानके अशी जुन्याशी फारकत घेत नाहीत. यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये चालतो. पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या आवृत्तीचे कार्ड जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये सामान्यतः चालते, मात्र वेग जुन्या स्लॉटचा मिळतो. असा जुना माल स्वस्तात मिळाल्यास घेण्यास हरकत नाही. तो पुढच्या संगणकातही उपयोगी पडतो.

मेमरीचे तसे नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी त्यांच्या खाचेची जागा वेगळी आहे. त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही.

स्वस्ताईची मुदत

डीडीआर-५ चे मानक जुलै २०२० मध्ये जाहीर झाले. इंटेलच्या २०२१ मधील बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांना दोन्ही मेमरी चालत असत. मदरबोर्ड मात्र बहुधा एकाच प्रकारचा असे. एएमडीच्या २०२२ मधील एएम-५ सॉकेटने केवळ डीडीआर-५ स्वीकारली. संक्रमणाच्या त्या काळात डीडीआर-४ चे संच तुलनेने बरेच स्वस्त होते. परंतु २०२५ मध्ये मोठ्या उत्पादकांनी डीडीआर-४ चे उत्पादन आवरते घेण्यास सुरुवात केल्यावर तिचे दर झपाट्याने वाढले. घाऊक बाजारात काही काळ जुनी मेमरी नव्या मेमरीहूनही महाग झाली. दुकानातील साठा आणि कारखान्यातील उत्पादन दोन्ही असेपर्यंतच जुना माल स्वस्त राहतो. पुढे तो दुर्मीळ होतो आणि त्याची किंमत अडलेला ग्राहक मोजतो.

खरेदीपूर्वी

संगणक चार-पाच वर्षे जसाच्या तसा वापरायचा असेल, तर सवलतीचा संच निश्चितच परवडतो. मात्र लागणारी पूर्ण मेमरी त्याच वेळी घ्यावी. 'पुढे वाढवू' हा विचार येथे महागात पडतो. टप्प्याटप्प्याने सुधारणा करायची असल्यास नव्या मानकाचा मदरबोर्ड घेणे हिताचे. वॉरंटी उत्पादकाची आहे की केवळ दुकानदाराची, तिची मुदत केव्हापासून मोजली जाईल, हे विचारून पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. जुन्या संगणकात एखादाच भाग बदलायचा असलेल्यांनी तर सवलतीच्या हंगामातच तो घेऊन ठेवावा.