गोव्याच्या किनाऱ्यापासून पामीरच्या पठारापर्यंत

लांबच्या प्रवासाची आखणी करावयाची म्हटली म्हणजे मनुष्य चार गोष्टी आधी पाहतो : जावयाचे कोठे, वाट कोणती, सोबत कोणाची आणि खर्चाची तरतूद काय. यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसताना कोणी सामानसुमान बांधू लागला, तर त्याला आपण खुळ्यात काढू. परंतु १६०२ साली गोव्याहून असाच एक प्रवासी निघाला, आणि त्याला धाडणारी मंडळी चांगली विद्वान व व्यवहारदक्ष होती.

या प्रवाशाचे नाव बेंतो द गोइश. पोर्तुगालच्या अधीन असलेल्या असोरिश बेटांवर १५६२ साली त्याचा जन्म झाला. तो हिंदुस्थानात आला शिपाई म्हणून. पुढे गोव्यात त्याने येशूसंघात प्रवेश केला. धर्मगुरूपदाची दीक्षा न घेता साधा बंधू म्हणून राहणेच त्याने पत्करले. १५९५ मध्ये तो जेरोम झेवियर यांच्यासमवेत लाहोरास अकबराच्या दरबारी गेला आणि तेथील वास्तव्यात फारसी भाषा उत्तम शिकला. मुसलमानी मुलखातील रीतिरिवाजही त्याच्या अंगवळणी पडले.

आता प्रश्न होता तो खिताई देशाचा. तेराव्या शतकात मार्को पोलो याने या वैभवशाली देशाचे वर्णन केले होते, आणि मध्य आशियातून येणारे व्यापारीही त्याचे नाव घेत. त्या देशात ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत, असे एका मुसलमान व्यापाऱ्याने लाहोरात सांगितले. इकडे समुद्रमार्गाने चीनमध्ये पोहोचलेले मात्तेओ रिची १६०१ च्या जानेवारीत पेकिंगला स्थिरावले होते. चीन आणि खिताई हे एकच, असे त्यांचे ठाम मत होते. परंतु चीनमध्ये तर ख्रिस्ती लोकांची अशी वस्ती कोठे आढळली नव्हती. मग कोणाचे खरे मानावे? गोव्यातील येशूसंघाचे वरिष्ठ निकोलाव पिमेंत यांनी ठरविले की, कोणीतरी खुष्कीच्या वाटेने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. निवड गोइशची झाली.

तयारी मोठ्या विचाराने झाली. फिरंगी वेषात त्या वाटेने जाणे धोक्याचे होते. म्हणून आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष ठरला. आर्मेनियन लोक ख्रिस्ती असूनही व्यापाराच्या निमित्ताने मुसलमानी राज्यांतून निर्वेधपणे हिंडत. गोइशने केस व दाढी वाढविली आणि अब्दुल्ला इसाई हे नाव घेतले. अब्दुल्ला म्हणजे परमेश्वराचा सेवक, आणि इसाई म्हणजे ख्रिस्ती. वेष बदलला, तरी धर्म लपविला नाही, हा त्या नावातील मर्माचा भाग होय. विक्रीसाठी माल घेतला. अकबराने वाटेवरील राजांना पत्रे दिली आणि पैशाचीही मदत केली. सोबतीला लिओ ग्रिमानुस नावाचा ग्रीक धर्मगुरू आणि देमेत्रिउस नावाचा ग्रीक व्यापारी मिळाला. बरोबर दिलेले चार नोकर निरुपयोगी ठरल्यामुळे त्यांना लाहोरासच निरोप देण्यात आला, आणि त्यांच्या जागी तेथेच बिऱ्हाड असलेला आयझॅक नावाचा एक आर्मेनियन घेतला. १६०३ च्या आरंभीच्या महिन्यांत, उपवासकाळात, सुमारे पाचशे माणसांच्या काफिल्याबरोबर ही मंडळी लाहोराहून निघाली.

अटक, पेशावर, काबूल. वाटेत लुटारूंचा उपद्रव झाला. काबूलला पोहोचेपर्यंत आखणीतला निम्मा भाग गळून पडला. धर्मगुरू दगदगीला कंटाळून परत फिरला आणि देमेत्रिउस व्यापारासाठी मागे राहिला. उरला तो आयझॅक.

काबूललाच एक अकल्पित गोष्ट घडली. काशगरच्या राजाची बहीण मक्केच्या यात्रेहून परतत होती. तिचा पैसा संपला होता. गोइशने स्वतःचा काही माल विकून तिला ६०० सुवर्णनाणी उसनी दिली आणि व्याज घेण्याचे नाकारले. हिशेबी माणसाने असा व्यवहार केला नसता. परंतु तिचा मुलगा खोतानचा राजा होता. पुढे गोइश खोतानला गेला, तेव्हा ते कर्ज जेड नावाच्या मौल्यवान दगडाच्या रूपाने फिटले. चीनमध्ये त्या दगडाइतका किफायतीचा दुसरा माल नव्हता.

हिंदुकुश ओलांडून बदख्शान आणि तेथून पामीरचे ते उंच, निर्जन पठार. तेथील थंडीने घोडे मेले. १६०३ च्या अखेरीस यारकंद आले. पुढच्या काफिल्याची वाट पाहण्यात आणखी एक वर्ष गेले. नंतर चालिश या गावी खिताईहून परतणारे व्यापारी भेटले. पेकिंगला परकीयांच्या धर्मशाळेत आपण रिचींच्या मंडळींबरोबर उतरलो होतो, असे त्यांनी सांगितले आणि पोर्तुगीज अक्षरांतला कागदाचा एक तुकडा दाखविला. ज्या प्रश्नासाठी गोव्याचा किनारा सोडला, त्याचे उत्तर त्या तुकड्यात होते. खिताई म्हणजेच चीन.

१६०५ च्या अखेरीस गोइश चीनच्या सरहद्दीवरील सूचौ शहरी पोहोचला आणि तेथेच अडकून पडला. त्याला चिनी भाषा येत नव्हती. म्हणून पत्रांवर पत्ता नीट घालता येईना. एक पत्र अखेर रिचींच्या हाती पडले आणि त्यांनी फेर्नांदेस नावाच्या चिनी बंधूला पाठविले. १६०७ च्या मार्चअखेर तो आला, तो गोइश मृत्युशय्येवर होता. ११ एप्रिल रोजी त्याने देह ठेवला.

त्याने सविस्तर रोजनिशी ठेवली होती. परंतु सहप्रवाशांना दिलेली कर्जेही तीत नोंदलेली होती. म्हणून त्या ऋणकोंनी ती फाडून टाकली. आयझॅक आणि फेर्नांदेस यांनी हाती लागतील तेवढे तुकडे गोळा केले. ते तुकडे आणि आयझॅकची आठवण यांच्या आधारे रिचींनी या प्रवासाची हकीकत लिहिली. एका राजमातेला विश्वासाने दिलेल्या कर्जाने वाट सुकर केली, आणि इतरांना दिलेल्या कर्जांनी त्या वाटेचा वृत्तान्तच नष्ट केला. अशा गोष्टींचा अंदाज कोणत्या आखणीत बांधता येणार?

आयझॅक समुद्रमार्गाने हिंदुस्थानात परतला. वाटेत डचांनी त्याचे जहाज पकडले. त्यातूनही तो सुटला. इकडे आल्यावर पत्नी मरण पावल्याचे त्याला कळले. मग लाहोरास न जाता तो आपल्या कोकणातील चौल बंदरी स्थायिक झाला. प्रवासाच्या मूळ आखणीत त्याचे नावही नव्हते. परंतु ती वाट अखेरपर्यंत चालून पुन्हा आपल्या समुद्रकाठी पोहोचलेला तो एकटाच.