क्यूआर कोड: कारखान्यातून भाजीच्या गाडीवर

चहाची टपरी, रिक्षा, देवळातली दानपेटी, लग्नपत्रिका... तो काळा-पांढरा चौकोन आता कुठे नाही? पण गंमत म्हणजे हा कोड पैशांसाठी बनलाच नव्हता. तो बनला गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. ही गोष्ट समजली की त्याची ताकद कळते आणि त्याच्या नावाने फसवणूक नेमकी कुठे होते, तेही कळतं.

सुरुवात बारकोडपासून करू. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं. तिथून दुकानांत बारकोडचा जमाना सुरू झाला. पण त्याची एक अडचण होती. त्यातली माहिती फक्त आडव्या दिशेने असते. रेषा कितीही उंच करा, माहिती वाढत नाही. त्यात मावायची जेमतेम वीसेक अक्षरं.

आता जपानमध्ये जाऊ. डेन्सो ही टोयोटाला सुटे भाग पुरवणारी कंपनी. गाड्यांचे प्रकार वाढले तशी प्रत्येक खोक्याची माहितीही वाढली. मग एकाच खोक्यावर बरेच बारकोड चिकटवायचे आणि कामगारांनी ते दिवसभर एकेक करून स्कॅन करत बसायचं. साहजिकच सगळे वैतागले. मासाहिरो हारा या इंजिनिअरने हे काम हाती घेतलं. हारांना 'गो' खेळायची आवड होती. चौकटींच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायचा हा खेळ. त्यावरूनच त्यांना सुचलं की माहिती आडवी आणि उभी, दोन्हीकडे भरता येईल.

पण कोड नेमका कुठे आहे, हे स्कॅनरला झटकन कसं कळणार? त्यासाठी तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आले. तसाच आकार शेजारच्या छपाईत असला तर गोंधळ होणार. म्हणून टीमने मासिकं, पत्रकं, खोकी अशी ढीगभर छपाई तपासली आणि काळ्या-पांढऱ्याचं सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधून काढलं: १:१:३:१:१. त्या चौकोनाच्या मधून कुठूनही रेघ मारा, हेच प्रमाण मिळतं. म्हणून तुम्ही फोन उलटा धरला तरी स्कॅन होतं!

१९९४ मध्ये हा कोड जगासमोर आला. क्विक रिस्पॉन्स, म्हणजे झटपट प्रतिसाद, म्हणून क्यूआर. सगळ्यात मोठ्या कोडमध्ये ७,०८९ अंक मावतात. कारखान्यात तेल आणि धूळ असणारच, म्हणून त्यात रीड-सॉलोमन हे १९६० सालचं गणित वापरलं. सगळ्यात वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. आज मधोमध लोगो टाकता येतो तो त्याच्याच जिवावर.

आणि कंपनीने एक मोठा निर्णय घेतला. पेटंट आपल्याकडे ठेवलं, पण प्रमाणित क्यूआर कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावणार नाही, असं जाहीर केलं. २००० मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. २००२ मध्ये जपानी मोबाइल तो वाचायला लागले.

भारतात २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली आणि कोड गल्लीबोळात पोचला. पण तेव्हा काही कंपन्यांचे कोड फक्त त्यांच्याच ॲपने चालायचे. एका दुकानात चार-चार स्टिकर. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की असे बंदिस्त कोड नव्याने काढायचे नाहीत आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळीकडे चालतील असे करायचे. आज भाजीवाल्या मावशींचा एकच कोड कुठल्याही यूपीआय ॲपने चालतो, तो यामुळे.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यात कोड छापणारा आणि वाचणारा एकाच साखळीतले होते. कोड कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. बाजारात मात्र कोणीही कोड छापू शकतो आणि दुसऱ्याच्या स्टिकरवर स्वतःचा चिकटवू शकतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कोडमध्ये कुलूप नसतं, नुसता मजकूर असतो. त्यामुळे ओळख पटवायचं काम आपल्यावर येतं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. आणि पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर तिथेच थांबा. गल्ल्याजवळचा बोलणारा साउंडबॉक्सही यासाठीच आहे. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनवर दुकानदाराला विसंबावं लागत नाही.

स्वतःच्या धंद्यासाठी मेन्यू किंवा पत्त्याचा कोड बनवताय? मग हे बघा. साध्या, म्हणजे स्टॅटिक कोडमध्ये तुमची लिंक थेट असते, तो कधी संपत नाही. डायनॅमिक कोड आधी बनवणाऱ्या वेबसाइटकडे जातो. तिथली वर्गणी थांबली तर छापलेली सगळी कार्डं वाया जाऊ शकतात. फिक्या रंगावर गडद कोड छापा, चारही बाजूंनी कोरी जागा सोडा आणि छापखान्यात देण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. हा भाग घरात नुकतंच यूपीआय वापरायला लागलेल्या कोणालातरी नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!