पुण्याचे तुकडे कोणी केले?

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजकारण्यांनी पुण्याचे तुकडे केले, असे धनकवडीपासून हडपसरपर्यंत कोणीही सांगेल. पूर्वपक्ष थोडक्यात असा : शहर एक होते, त्याचा खासदार एक होता, मग कोणाच्या तरी सोयीसाठी खडकवासला बारामतीला जोडले, हडपसर शिरूरला दिले. घरपट्टी पुणे महापालिकेला आणि मत मात्र इंदापूर-दौंडच्या उमेदवाराला!

त्या एकसंधपणाची आठवण मुळात अपुरी आहे. 1952 साली पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. पहिल्यातून काकासाहेब गाडगीळ, दुसऱ्यातून इंदिरा मायदेव लोकसभेत गेल्या. नानासाहेब गोरे, एस. एम. जोशी, मोहन धारिया ही नावे नंतरच्या एकट्या ‘पुणे’ मतदारसंघाची. त्यांच्या वजनामुळे तो अनादी वाटतो, इतकेच.

आता हिशेब. राज्यांच्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठलेल्या. महाराष्ट्राला लोकसभेच्या 48, विधानसभेच्या 288. म्हणजे एका खासदारामागे सहा विधानसभा मतदारसंघ, आणि विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभांत विभागायचा नाही हा कायदा. ही पुनर्रचना करणाऱ्या कुलदीप सिंह आयोगाने मतदारसंघ आखताना 2001 ची जनगणना धरली. राज्याची लोकसंख्या सुमारे 9 कोटी 69 लाख, म्हणजे एका आमदारामागे सरासरी 3 लाख 36 हजार माणसे. पुणे महापालिकेची लोकसंख्या तेव्हाच 25 लाखांवर होती. शहराच्या वाट्याला आठ मतदारसंघ आले : कसबा, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, कॅन्टोन्मेंट, वडगाव शेरी, हडपसर आणि थोडा ग्रामीण भाग पोटात घेणारा खडकवासला. आठातून सहा गेले की पुण्याचा खासदार भरला. आयोगाच्या जागी ब्रह्मदेव असता तरी दोन बाहेर काढावेच लागले असते. आणि बाहेर जायचे ते काठावरचेच, कसबा थोडाच शिरूरला जोडता येतो?

काठावरचे नेमके कोणते दोन, यात निवडीला वाव होता, हे मान्य. वडगाव शेरीही जाऊ शकला असता. आयोगासोबत बसणाऱ्या खासदार-आमदारांना मताचा अधिकार नसला तरी तोंड होते. पण खरी निवड वेगळीच होती आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी हे तीन धरले की पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जुळ्या शहरांचे अकरा मतदारसंघ होतात. शेजारचा एक घेतला की बारा, म्हणजे जवळजवळ निखळ शहरी दोन खासदार. तसे न करता भोसरी शिरूरला दिली, आणि पिंपरी-चिंचवड मावळमार्गे घाट उतरून पनवेल-उरणला जाऊन मिळाले. तुकडे म्हणायचेच तर याला म्हणा.

यावर उत्तर येते की मिश्र मतदारसंघात शहरी मत बुडते. 2014, 2019, 2024 : लोकसभेच्या तिन्ही निवडणुकांत बारामतीच्या उमेदवार सुप्रिया सुळे खडकवासल्यात मागे पडल्या आणि तिन्ही वेळा त्याच निवडून आल्या. पुरावा बिनतोड दिसतो. सिद्ध मात्र एवढेच होते की तिथले बहुसंख्य मतदार हरणाऱ्या बाजूला होते. ते कसब्यातही घडते. उलट पाण्याचा विचार करा. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणसाखळीवर शहराचे नळ आणि दौंड-इंदापूरचा कालवा दोन्ही चालतात. सिंहगड रस्त्याच्या सोसायटीला पाणी वाढवून द्या म्हणणारा आणि कालव्याच्या शेपटाकडे आवर्तनाची वाट पाहणारा शेतकरी, या दोघांचा खासदार एकच आहे. शहर वेगळे काढले असते तर हे भांडण दोन खासदारांमध्ये झाले असते, आणि प्रत्येकाला आपल्या मतदारापुरतेच बोलून मोकळे होता आले असते. आज बारामतीच्या खासदाराला ती सवलत नाही.