साखरपुडा मोडला, तर दोष कोणाचा?

#थ्रेड #इतिहास #विवाहकायदा

१/ भिवंडी तालुक्यातील लोनाडचा परिसर शिलाहारकालीन अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चौधरपाडा या गावी शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला. उत्तर कोकणातील शिलाहारांच्या अनेक दानलेखांखाली ‘गद्धेगळ’ कोरलेला असतो. राजाने दिलेले दान जो मोडील त्याला गाढवाच्या प्रतिमेतून दिलेला तो अत्यंत अभद्र शाप. दिलेला शब्द मोडणे हे त्या काळी किती मोठे पाप मानले जाई, हे त्या दगडांवरून कळते.

२/ याच घराण्यातील एका राजाने मात्र ज्या स्मृतीवर टीका लिहिली, तिच्यात एक विशिष्ट शब्द मोडण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. तो शब्द म्हणजे लग्न ठरवताना दिलेला शब्द. समोरच्याने फसवले आहे असे उघड झाल्यावर ठरलेले लग्न मोडता येते का? मोडल्यास दंड कोणी भरायचा? या प्रश्नाचा सुमारे दोन हजार वर्षांचा प्रवास या थ्रेडमध्ये.

३/ प्रथम संज्ञा. संस्कृत धर्मग्रंथांत याला ‘वाग्दान’ म्हणतात. मराठीत वाङ्निश्चय, साखरपुडा, सुपारी फुटणे, सोयरीक जुळणे, असे अनेक शब्द आहेत. भिवंडीत आगरी-कुणबी, पद्मशाली विणकर, कोकणी मुसलमान आणि उत्तरेतून आलेले मोमीन विणकर शेजारीशेजारी राहतात. कोणाकडे साखरपुडा होतो, कोणाकडे मंगनी. विधी निराळे असले तरी मूळ प्रश्न एकच: हा विधी म्हणजे लग्न की लग्नाचे केवळ वचन?

४/ सर्वांत स्पष्ट जुने उत्तर कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. हा ग्रंथ शतकानुशतके अज्ञात होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना त्याची पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये तो छापला गेला. पुढे र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली व मुंबई विद्यापीठाने ती १९६० पासून प्रसिद्ध केली. त्याच्या तिसऱ्या अधिकरणातील पंधराव्या अध्यायात ठरलेले लग्न मोडण्याचा विचार येतो.

५/ त्या अध्यायाचा मूळ विषय आहे खरेदी-विक्री रद्द करण्याचा. मालात लपवलेला दोष निघाला तर सौदा मोडता येतो, त्याच ओघात विवाहाचा नियम सांगितला आहे. पहिल्या तीन वर्णांसाठी पाणिग्रहणापर्यंत माघार ग्राह्य, शूद्रांसाठी ती मर्यादा त्याहूनही पुढची. कन्येला व्यवहारातील वस्तूच्या शेजारी बसवणारी ही मांडणी आज खटकते. तरीही फसवणुकीचा विचार ग्रंथकाराने किती बारकाईने केला, हे पुढच्याच सूत्रांत दिसते.

६/ मुलीचा शय्यासंबंधी दोष लपवून तिचे लग्न लावणाऱ्यास ९६ पण दंड, शिवाय घेतलेले शुल्क व स्त्रीधन परत करायचे. आणि वराने स्वतःचा दोष लपवला तर? दंड दुप्पट, म्हणजे १९२ पण. शिवाय त्याने दिलेल्या शुल्क-स्त्रीधनावरचा त्याचा हक्कही बुडतो. पुरुषाच्या लपवाछपवीला दुप्पट किंमत लावणारे हे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते.

७/ मनुस्मृतीतही ९६ पणांचाच आकडा येतो, पण तो कन्येचा दोष लपवणाऱ्यासाठी. त्याच ओघात मनू आणखी एक दंड सांगतो. मुलीच्या कौमार्याविषयी द्वेषाने खोटा आरोप करणाऱ्याने तो सिद्ध केला नाही, तर त्याला १०० पण दंड. लग्न मोडताना मुलीची बदनामी करून स्वतःची बाजू सावरण्याची रीत तेव्हाही होती, म्हणूनच तिच्यासाठी स्वतंत्र दंड ठेवावा लागला.

८/ आता याज्ञवल्क्यस्मृती. ती म्हणते, कन्या एकदाच दिली जाते आणि दिलेली कन्या परत घेणारा चोराच्या दंडास पात्र आहे. लगेच पुढच्या चरणात अपवाद येतो: अधिक चांगला वर आला तर दिलेलीही परत घ्यावी. वरवर पाहता हा संधिसाधूपणाचा परवाना वाटतो. येथे टीकाकारांचे काम सुरू होते.

९/ बाराव्या शतकाच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. त्याने या अपवादाला दोन अटी घातल्या. नुसता दुसरा वर सरस असून भागत नाही. पहिल्या वराच्या हातून पातक घडलेले असले पाहिजे किंवा तो दुर्वृत्त, म्हणजे वाईट वर्तनाचा असला पाहिजे. दुसरी अट अशी की हे सर्व सप्तपदीतील सातवे पाऊल पडण्यापूर्वीच. अशा रीतीने ‘बरा मिळाला म्हणून मोडले’ आणि ‘वर्तन कळले म्हणून मोडले’ यांत विज्ञानेश्वराने भेद केला.

१०/ पैशांचा हिशेबही याच तत्त्वावर. कारण नसताना वाग्दान मोडणाऱ्या कन्यापक्षाला दंड, शिवाय वरपक्षाचा झालेला खर्च व्याजासह भरून द्यायचा. योग्य कारण असेल तर दंड नाही. लग्नापूर्वी कन्येचा मृत्यू झाला तर वराने दोन्ही बाजूंचा खर्च वजा करून आपण दिलेले परत घ्यावे. निर्दोष कन्येचा त्याग करणाऱ्या वरालाही दंड आहेच.

११/ विज्ञानेश्वराच्या जवळजवळ समकालीन असलेला शिलाहार राजा पहिला अपरादित्य याने त्याच याज्ञवल्क्यस्मृतीवर मोठी टीका लिहिली. ती ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते. मंख कवीच्या ‘श्रीकण्ठचरित’ काव्यातून कळते की या राजाचा तेजकंठ नावाचा दूत काश्मीरच्या विद्वत्सभेत उपस्थित होता. अपरार्काची टीका पुढे काश्मीरमध्ये प्रमाण मानली गेली. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती विसाव्या शतकाच्या आरंभी छापली.

१२/ येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या साऱ्या नियमांत निर्णय घेणारा होता मुलीचा पिता आणि तक्रार करणारा होता वर किंवा त्याचे घर. कन्येला काय हवे हे कोणी विचारत नाही. विश्वास मोडला जाई तो दोन घरांमधला. शास्त्राने दिलेली सुटकेची वाट खरी होती, पण तिची किल्ली मुलीच्या हाती नव्हती.

१३/ त्या काळच्या इंग्लंडशी तुलना केली तर काय दिसते? तेथे परस्परांना ‘मी तुला पत्नी/पती म्हणून स्वीकारतो’ असे वर्तमानकाळात दिलेले वचन चर्चच्या न्यायालयांत बंधनकारक ठरे आणि ते न्यायालय विवाह पूर्ण करण्याची सक्ती करू शके. १७५३ च्या हार्डविक कायद्याने ही सक्ती संपवली. त्यानंतर वचन मोडणाऱ्यावर भरपाईचा दावा एवढाच मार्ग उरला.

१४/ हा भरपाईचा दावा इंग्रजी अमलाबरोबर भारतात आला. वाग्दान हा करार आहे, त्याचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मिळेल, पण न्यायालय कोणालाही बोहल्यावर उभे राहण्याची सक्ती करणार नाही, असा पायंडा उच्च न्यायालयांनी पाडला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने १८७५ मध्ये हेच सांगितले. मुंबईत १८७० आणि १८८७ चे असे खटले छापील अहवालांत आहेत.

१५/ नेमके याच १८८७ साली, याच मुंबई उच्च न्यायालयाने एका स्त्रीला पतीच्या घरी जाण्याचा किंवा तुरुंगात जाण्याचा हुकूम दिला. ती स्त्री म्हणजे रखमाबाई. तिचा खटला साखरपुड्याचा नव्हता. पण सातवे पाऊल पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर कायद्याच्या दृष्टीत काय फरक पडतो, हे त्याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

१६/ रखमाबाईचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी झाले. त्याने घरजावई म्हणून राहावे आणि शिकावे, अशी बोली होती. त्याने शिक्षण सोडले आणि तो मामाच्या घरी राहू लागला. त्या घराच्या नीतिमत्तेविषयी रखमाबाईच्या बाजूने गंभीर आक्षेप होते. इकडे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या आधाराने ती वाचत होती, शिकत होती. संसार सुरू झालाच नव्हता.

१७/ १८८४ मध्ये दादाजीने वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. तिच्या घरचे लोक मालमत्तेसाठी तिला अडवतात, असे त्याचे म्हणणे. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. बालपणी झालेल्या विधीच्या बळावर, कधीही एकत्र न राहिलेल्या स्त्रीला अनिच्छेने पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटी वाटले. त्यांच्या दृष्टीने हे लग्न जणू अजून अपुरे होते. ‘ए हिंदू लेडी’ या सहीची ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील पत्रे त्याच वर्षीची. ती रखमाबाईचीच होती.

१८/ अपिलात निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी तिला महिन्याच्या आत पतीकडे जाण्याचा आदेश दिला, अन्यथा सहा महिने कैद. ती तुरुंगात जाण्यास तयार झाली. टिळकांच्या ‘केसरी’ने तिच्यावर कठोर टीका केली. १८८८ मध्ये दादाजीने २,००० रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेली, डॉक्टर झाली आणि पुढे सुरत व राजकोट येथे तिने दीर्घ काळ सेवा केली. ठरलेल्या मुलीला न्यायालय जे भाग पाडीत नव्हते, ते लग्न झालेल्या मुलीला पाडीत होते.

१९/ विसाव्या शतकात वाग्दानाच्या दाव्यांत मुलीच पुढे आल्या. १९२४ च्या रोझ फर्नांडिस विरुद्ध जोसेफ गोन्साल्विस या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले की वडिलांनी अल्पवयीन मुलीच्या हितासाठी केलेल्या लग्नाच्या करारावरून, तो मोडणाऱ्या पुरुषाविरुद्ध, ती मुलगी स्वतः भरपाई मागू शकते. याज्ञवल्क्याच्या काळी जी व्यवहाराचा विषय होती, ती आता फिर्यादी झाली.

२०/ मुस्लिम कायद्याची चौकट निराळी. तेथे निकाह हाच करार आणि मंगनी हे त्यापूर्वीचे वचन. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे अब्दुल रझाक विरुद्ध महोमद हुसेन हा खटला आला. मंगनी मोडल्यास दिलेल्या भेटी परत मागता येतील, पण इंग्रजी पद्धतीची नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे त्यात ठरले. म्हणजे जे दिले ते परत घ्या, पण नकाराबद्दल शिक्षा नाही.

२१/ ज्या इंग्लंडने हा भरपाईचा दावा भारतात आणला, त्याने तो १९७० च्या कायद्याने स्वतःच्या देशातून काढून टाकला. पैसे भरावे लागतील या भीतीने नको असलेले लग्न करणे, हे ठरलेले लग्न मोडण्यापेक्षा वाईट, असा विचार त्यामागे होता. भारतात मात्र कायद्याचा रोख निराळ्या दिशेने वळला: नकाराकडून फसवणुकीकडे.

२२/ १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फसवून मिळवलेल्या संमतीचे लग्न रद्द होऊ शकते. १९७६ च्या दुरुस्तीने जोडीदारासंबंधीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवणेही त्या फसवणुकीत आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुंडाबंदी कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की लग्न ठरल्यावर, ते लागण्यापूर्वी केलेली हुंड्याची मागणीदेखील गुन्हाच आहे. साखरपुड्यानंतर ‘आणखी थोडे’ मागणाऱ्यांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

२३/ २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाच्या वचनाचे दोन प्रकार वेगळे केले. पाळण्याचा हेतू सुरुवातीपासूनच नसलेले खोटे वचन एक, आणि प्रामाणिकपणे दिलेले पण पुढे पाळता न आलेले वचन दुसरे. दुसरे मोडणे हा गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्येही, पाळण्याचा हेतू नसताना दिलेल्या वचनाच्या आधारे संबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

२४/ आता सारे एकत्र पाहू. कौटिल्याचा १९२ पणांचा दंड, विज्ञानेश्वराची ‘दुर्वृत्त’ ही अट, १९७६ ची दुरुस्ती आणि २०१९ चा निकाल यांना जोडणारा धागा एकच आहे: दोष लपवणाऱ्याचा, कळल्यावर मागे फिरणाऱ्याचा नव्हे. बदलले ते एवढेच की मागे फिरण्याचा निर्णय पूर्वी घराचा होता, आता तो त्या मुलीचा आणि त्या मुलाचा आहे.

२५/ आजही साखरपुडा मोडला की पहिला प्रश्न येतो, ‘लोक काय म्हणतील?’ त्यापाठोपाठ हॉलची आगाऊ रक्कम, वाटलेल्या पत्रिका आणि ‘मुलीचे नाव खराब झाले’ ही कुजबुज. परंपरेच्या नावाने मुलीला गप्प बसवणाऱ्यांनी ती परंपरा एकदा वाचून पाहावी. लोनाडच्या माळावरचा शाप दान हिरावून घेणाऱ्यासाठी होता. फसवणूक कळल्यावर सातव्या पावलाआधी परतणाऱ्याला त्याच घराण्याच्या राजाने अभ्यासलेल्या स्मृतीने वाट ठेवली होती, आणि त्यानंतर मुलीवर खोटा आळ घेणाऱ्याला दंड.

(थ्रेड समाप्त)